सफेदा

बाबांच्या पेटीत सफेद्याचा एक डबा असायचा. बुटका, गोल, पत्र्याचा. आत झिंक ऑक्साइड खोबरेल तेलात मळून ठेवलेलं. बाकीच्या रंगांशी मी लहानपणी हवं तसं खेळले, चेहऱ्याला लावायच्या पॅनकेक रंगात बोटं बुडवून चाळीच्या भिंतीवर रेघा मारल्या, पण सफेद्याला हात लावायची परवानगी नव्हती. "काळा कुणीही फासेल बाय," ते म्हणायचे, "पांढरा लावायला हात लागतो."

बाबा मेकअपमन होते. नाटकाच्या जाहिरातीत ‘रंगभूषा’ या शब्दापुढे त्यांचं नाव यायचं, तेही जागा उरली तर. शिवाजी मंदिर, दामोदर, साहित्य संघ, ठाण्याचं गडकरी, आणि दौरा असला की बसच्या मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन महाराष्ट्रभर. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्यासोबत रंगपटात. आरशाभोवतीच्या बल्बची ऊब, मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा नाकात झोंबणारा वास, कुणीतरी विंगेजवळ उभं राहून स्वतःशीच पुटपुटत असलेली वाक्यं. तिसरी घंटा झाली की बाबा हात पुसत दाराशी जाऊन उभे राहायचे. नाटक पाहायला नव्हे, रंग पाहायला. घाम फुटला की पांढरा आधी ओठांच्या कोपऱ्यांत तडकतो, मग डोळ्यांच्या बाजूला. म्हणून सफेदा लावताना ते नटाला हलू द्यायचे नाहीत. बोलायचं नाही, हसायचं नाही, पावडर बसेपर्यंत दगडासारखं बसायचं. रंगाला तडा जाणं म्हणजे त्यांच्या लेखी कामातली कसूर.

हे सगळं सांगायचं कारण एक चित्रपट. ‘द डार्क नाइट’. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की नवीन काय सांगणार असं कुणालाही वाटेल. पण मी तो एका मेकअपमनच्या शेजारी बसून पाहिलाय. त्या अडीच तासांत मला अभिनयाबद्दल जे कळलं, त्याआधीच्या सगळ्या वर्षांत विंगेतून नाटकं पाहून कळलं नव्हतं.

2008 चा जुलै. फोर्टात माझी पहिली नोकरी, दुसरा पगार. सीएसटीजवळच्या थिएटरात बाल्कनीची दोन तिकिटं काढली आणि बाबांना कांदिवलीहून बोलावून घेतलं. पाऊस असा की ते आले तेव्हा छत्री असून गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांना इंग्रजी फारसं कळायचं नाही. वटवाघळाचा पोशाख घालून रात्री गुंडांना मारणारा श्रीमंत माणूस, एवढी गोष्ट मी त्यांना रस्त्यातच सांगून टाकली. ‘पोरांचा सिनेमा ना?’ अशा चेहऱ्याने ते बसले. मला मात्र जायचंच होतं, त्यातला खलनायक जोकर साकारणाऱ्या हीथ लेजरसाठी. हा ऑस्ट्रेलियन नट त्याच वर्षी 22 जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये गेला होता. 28 वर्षांचा. आपलं काम लोकांपर्यंत पोहोचलेलं त्याने पाहिलंच नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती.

सुरुवातीलाच बँकेवरचा दरोडा आहे. सगळ्या दरोडेखोरांच्या तोंडावर विदूषकाचे मुखवटे. एकेक जण आपल्याच साथीदाराच्या हातून मरत जातो, शेवटी एक उरतो. तो मुखवटा काढतो आणि खाली पुन्हा विदूषकच. पांढरा चेहरा, काळी डोळ्यांची खोबणी, गालापर्यंत फाटलेलं लाल तोंड. थिएटरात शिट्ट्या झाल्या. आणि बाबा माझ्याकडे झुकून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ह्याला तोंड वाकडं करायला लावून रंग लावलाय."

पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. मी बाबांचा हात दाबला. ते गप्प झाले, पण खुर्चीत पुढे सरकून बसले ते मध्यंतरापर्यंत.

कितीतरी वर्षांनी मी वाचलं की त्या चित्रपटाचे मेकअपमन जॉन कॅग्लिओन यांनी खरोखर तसंच केलं होतं. लेजरला कपाळाला आठ्या घालायला, डोळे मिटायला, तोंड आवळायला लावायचं, त्या अवस्थेत वरून पांढरा फिरवायचा. चेहरा सैल सोडला की घड्यांमधली कातडी कोरी राहते, आणि रंग वर्षभर न पुसल्यासारखा जुनाट दिसतो. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने त्यांना फ्रान्सिस बेकनची चित्रं दाखवली होती, ज्यांत माणसांचे चेहरे पुसट, ओघळलेले असतात. बाबांना यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तडे पाहिले. जे त्यांनी आयुष्यभर होऊ दिलं नाही, ते कुणीतरी मुद्दाम, मन लावून केलंय, हे त्यांना पहिल्याच झटक्यात दिसलं.

मध्यंतरात समोसा हातात तसाच. "जिभेचं बघितलंस?" त्यांनी विचारलं. जोकर बोलताना सारखी जीभ बाहेर काढतो, ओठांच्या कोपऱ्यांवर फिरवतो. मला ते सापासारखं वाटलं होतं, किळसवाणं. बाबा म्हणाले, "ओठाचं काहीतरी सुटतंय त्याचं. तो लपवत नाहीये, वापरतोय." हेही नंतर बरोबर निघालं. गालावरचे व्रण सिलिकॉनचे, कॉनर ओ’सलिव्हन यांनी बनवलेले. खालच्या ओठावरचा तुकडा बोलता बोलता सैल व्हायचा, तो जागेवर ठेवायला लेजर जीभ फिरवू लागला आणि ती त्या माणसाची सवयच होऊन बसली. आमच्याकडे चालू प्रवेशात मिशी सुटली की नवखा नट हाताने दाबून धरतो आणि सगळ्या हॉलला कळतं. मुरलेला नट तिला पीळ देतो. बाबांच्या बोलण्यात हे नेहमी यायचं.

चित्रपटात आणखी एक जागा आहे, बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलेली. मारल्या गेलेल्या पोलिस आयुक्ताला मानवंदना देणाऱ्या तुकडीत जोकर उभा असतो, पोलिसाच्या गणवेशात, तोंडाला अजिबात रंग नाही. काही क्षण फक्त. नुसते व्रण आणि थंड, उघडे डोळे. तिथे बाबा खुर्चीच्या हातावर बोटं आपटायला लागले, हे त्यांचं अस्वस्थ होण्याचं लक्षण. रंग असताना आपण त्याला भुतासारखं पाहतो. रंग काढला की तो लोकलमध्ये आपल्या समोर बसू शकेल असा कुणीतरी होतो.

बाबा मूळचे सिंधुदुर्गातले. रंगाची पहिली ओळख त्यांना झाली ती जत्रेत, दशावताराच्या पेटाऱ्यांशेजारी. दशावतारी नट आपापला मेकअप स्वतः करतात. कंदिलाच्या उजेडात छोटा आरसा धरून राजाचा राजा होतो आणि बाईचं काम करणारा पुरुष भुवया कोरतो. तिथे संकासूर असतो. वेद पळवणारा राक्षस, काळ्या पोशाखातला, आणि तो बोलतो मात्र मालवणीत, गावातल्या लोकांच्या टोप्या उडवत. पोरं त्याला भितात आणि त्याच्याच वाक्याला हसून लोळतात. परतीच्या वाटेवर बाबांनी जोकरला संकासूरच म्हटलं. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं, आता वाटतं त्याहून नेमकी ओळख नसेल. भीती आणि हसू एकाच तोंडातून काढायचं आणि दोन्ही खरं वाटलं पाहिजे. लेजरचा आवाज ऐका. वाक्य वर चढत जातं, बायकी म्हणावं इतकं, आणि शेवटच्या शब्दाला एकदम विहिरीत पडतं. खांदे पुढे झुकलेले, चालताना गुडघ्यात सैल, कुबड काढल्यासारखा. आपल्या व्रणांची कहाणी तो दोनदा सांगतो, दोन्ही वेळा वेगळी, आणि दोन्ही वेळा आपण विश्वास ठेवतो. दुसऱ्यांदा ऐकताना खोटं आहे हे कळत असूनही मी ठेवला होता.

आमच्याकडे एखाद्याचं काम फार रंगलं की लोक म्हणतात, काय अंगात आलं होतं त्याच्या! बाबांना या शब्दाचा मनापासून राग. "अंगात देवी येते. भूमिका बांधावी लागते." नटाची इतकी मोठी मेहनत एका शब्दात देवाच्या नाहीतर भुताच्या नावावर जमा होते, हे त्यांना सोसायचं नाही.

लेजरच्या बाबतीत अख्ख्या जगाने हेच केलं. जोकरने त्याचा जीव घेतला, भूमिकेतून तो बाहेरच येऊ शकला नाही, ही गोष्ट आजही लोक सांगतात, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत एक चमक असते. मला तो त्या माणसावर अन्याय वाटतो. तो गेला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या वेगवेगळ्या औषधांच्या एकत्र परिणामाने, अपघाताने, असाच अधिकृत निष्कर्ष आहे. जोकरचं काम तोवर संपलं होतं, तो पुढच्या चित्रपटाच्या चित्रीकरणाला लागलेला होता. तयारी त्याने कसून केली होती, हे खरं. हॉटेलच्या खोलीत आठवडेच्या आठवडे स्वतःला कोंडून आवाज शोधला, हसू शोधलं, वहीत टिपणं काढली. पण याला तालीम म्हणतात, वेड नव्हे. नोलनने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखात एक आठवण आहे. लेजर पूर्ण मेकअपमध्ये स्केटबोर्डवरून सेटवर आला होता, आणि मग युनिटमधली तरुण पोरंही आपापले स्केटबोर्ड घेऊन कामावर यायला लागली. पांढरं तोंड, हिरवे केस, जांभळा कोट, आणि शिकागोच्या रस्त्यावर चाकांवर घरंगळत जाणारा मुलगा. ही गोष्ट वाचली त्या दिवशी बाबांना फोन करून सांगितली. ते इतकंच म्हणाले, "मग! मेकअप उतरवल्यावर भाजी आणायला जायचंच असतं."

फेब्रुवारी 2009 मध्ये त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मंचावर आई, वडील आणि बहीण होती, बक्षीस त्याच्या लहान लेकीच्या वतीने घेतलं गेलं. मृत्यूनंतर अभिनयाचं ऑस्कर मिळालेला तो दुसराच नट. पहिले पीटर फिंच.

आता त्या रात्रीकडे येते. चित्रपट सुटला तेव्हा पाऊस थांबला होता. सीएसटीहून चर्चगेटपर्यंत आम्ही चालत गेलो. माझं डोकं जोकरने भरलेलं, मला त्याच्याबद्दलच बोलायचं होतं, आणि बाबांनी विचारलं, "त्या चष्मेवाल्या इन्स्पेक्टरचं नाव काय?"

मी जरा हिरमुसले. गॅरी ओल्डमन, म्हटलं.

"त्याला बघ परत कधीतरी. तो भितो ना त्याला, म्हणून आपण भितो."

त्या वेळी मला हे पटलं नव्हतं. पटलं ते पुढे, चित्रपट सातव्या-आठव्यांदा पाहताना. चौकशीचा प्रवेश घ्या. खोलीत जवळजवळ अंधार, टेबलावरच्या दिव्याचा तेवढा उजेड. गॉर्डन, म्हणजे ओल्डमनचा इन्स्पेक्टर, जोकरसमोर बसलेला. दोघं जणू ऑफिस सुटल्यावर बोलत बसलेत इतक्या खालच्या पट्टीत बोलतात. ओल्डमन इथे काय करतो? जवळजवळ काहीच नाही. थकलेला, मिशीवाला, बायकोला आज पुन्हा उशीर होणार म्हणून मनात कुठेतरी ओशाळलेला सरकारी माणूस. पण जोकरच्या प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या डोळ्यांत अर्ध्या क्षणाचा हिशेब चालतो: हा आत्ता काय म्हणाला, यामागे काय आहे, माझा माणूस कुठे आहे. वाक्य देणारे नट पुष्कळ. वाक्य घेणारा नट मिळणं कठीण. समोरच्याचं बोलणं ऐकल्यासारखं करणं वेगळं आणि आज पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकणं वेगळं. ओल्डमनचं आधीचं नाव झालं होतं ते भडक, अंगावर येणाऱ्या भूमिकांमुळे, ड्रॅक्युला तर त्याने साकारलेला. असा नट आपला सगळा दारूगोळा घरी ठेवून येतो आणि दुसऱ्याच्या आगीला हवा देत बसतो. याला केवढा आत्मविश्वास लागत असेल.

मग गॉर्डन उठून बाहेर जातो, भपकन दिवे लागतात, आणि जोकरच्या मागे बॅटमॅन उभा. त्या पांढऱ्याफेक उजेडात जोकरचा रंग उघडा पडतो. अर्धा गेलेला, मधेमधे गुलाबी कातडी, डोळ्यांचं काळं खाली ओघळलेलं. बॅटमॅन त्याचं डोकं टेबलावर आपटतो, भिंतीवर फेकतो, बुक्क्या घालतो, आणि जोकर हसतो. बॅटमॅन झालेल्या क्रिश्चन बेलने पुढे मुलाखतींत सांगितलंय की लेजर त्याला खरोखर मार म्हणून भरीस घालत होता.

नाटकातली थप्पड तुम्ही जवळून पाहिली आहे का? मारणारा नुसता हात फिरवतो. आवाज काढतो तो खाणारा, प्रेक्षकांना न दिसेल असा हातावर हात मारून, आणि मान झटकतोही तोच. चुकलं तर थप्पड पडतच नाही. म्हणजे मार दिसतो तो खाणाऱ्यामुळे. या प्रवेशात तर मार खाणाराच जिंकतोय, आणि मारणाऱ्याला प्रत्येक ठोशागणिक हरत जायचंय. बेलचं काम इथे मला फार अवघड वाटतं, आणि त्याच्या वाट्याला त्याचं श्रेय फारसं आलं नाही. त्याच्या घोगऱ्या आवाजाची लोकांनी चेष्टा केली. पण नटाकडे असतं काय काय, डोळे, भुवया, कपाळ, गाल. बेलचं हे सगळं त्या टोपात बंद. उरली हनुवटी आणि ओठ. तेवढ्यावर त्याने एका ताकदवान माणसाची हतबलता दाखवायची. जोकरला धरून तो ओरडतो तेव्हा त्याचा जबडा थरथरतो, तो पाहा. याच्यापाशी धमकी द्यायला काही उरलेलंच नाही, हे जोकरला कळतं आणि आपल्यालाही, आणि ते कळतं त्या जबड्यावरून.

मायकल केनसारखा मुरलेला नट पहिल्यांदा लेजरला जोकरच्या अवतारात लिफ्टमधून बाहेर येताना पाहून आपली वाक्यं विसरला होता, हे त्याने स्वतः सांगितलंय. मला हा किस्सा लेजरइतकाच केनबद्दलही बोलका वाटतो. इतकी वर्षं काम केल्यावरही समोरच्याला पाहून वाक्यं विसरण्याइतकं कोवळं काहीतरी त्याच्यात शिल्लक होतं.

ॲरन एकहार्टच्या हार्वी डेंटबद्दल, म्हणजे चित्रपटातल्या सरकारी वकिलाबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. चेहरा जळल्यानंतरचा डेंट मला तितकासा भिडत नाही, तो अर्धा चेहरा संगणकावर केलाय आणि तो लक्ष खेचून घेतो. भिडतो तो त्याआधीचा, गोदामात खुर्चीला बांधून ठेवलेला. दुसऱ्या ठिकाणी त्याची प्रेयसी रेचल, तीही तशीच बांधलेली. दोघांत फक्त आवाजाचा दुवा. मॅगी जिलेनहाल त्या प्रसंगी रडत नाही. लहान मुलाला झोपवताना बोलावं तसं ती त्याच्याशी बोलते, त्याला धीर देते, आणि बोलता बोलता वाक्य मधेच तुटतं. वाक्य पुरं न होणं इतकं भयंकर असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. स्फोट मोठा आहे, पण कानात राहतो तो तो अर्धा शब्द.

बाबांना चित्रपटाचा शेवटचा भाग लांबला असं वाटलं. "एका तिकिटात दोन नाटकं," म्हणाले. मोबाइलच्या लहरींवरून सगळं शहर पाहणाऱ्या त्या यंत्राशी तर त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. नोलनने काही भाग आयमॅक्सच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर चित्रित केले, खराखुरा ट्रक भर रस्त्यात उलटा केला, हे सगळं थोरच. माझ्या डोळ्यांसमोर येतात ते चेहरे.

त्या लांबलेल्या भागातच बोटींचा प्रसंग आहे. दोन बोटी, एकीत शहरातली साधी माणसं, दुसरीत कैदी. दोन्हींवर स्फोटकं, आणि प्रत्येकीकडे दुसरीला उडवण्याचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर जोकर दोन्ही उडवणार. कैद्यांतला एक धिप्पाड माणूस उठतो, अधिकाऱ्यापाशी जातो. टायनी लिस्टर हा तो नट, पूर्वीचा कुस्तीगीर, एका डोळ्याने जन्मापासून अंध. ते यंत्र माझ्याकडे दे, म्हणतो, तू जे दहा मिनिटांपूर्वीच करायला हवं होतंस ते मी करतो. आपण श्वास रोखतो. तो ते घेतो, खिडकीतून पाण्यात फेकतो आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसतो. अख्ख्या चित्रपटात त्याच्या वाट्याला एवढंच काम. आवाज चढत नाही, चेहऱ्यावर थोरपणाचा लवलेश नाही.

बाबांनी माझं मनगट धरलं होतं. का, ते मला ठाऊक होतं. दोनच वर्षांपूर्वी, 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. बाबा शिवाजी मंदिरला जुन्या मंडळींना भेटून दादरहून परत निघालेले, मागच्या गाडीत. गाडी थांबली ती थांबलीच. फोन लागेनात. ते रुळांवर उतरून चालत निघाले, आणि घरी पोहोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. त्या रात्रीबद्दल ते फार बोलले नाहीत. फक्त एका माणसाचं सांगायचे, माहीमच्या आसपास रुळांच्या कडेला उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा ग्लास देत होता. काही बोलत नव्हता, कुठून आलात विचारत नव्हता. ग्लास द्यायचा, रिकामा घ्यायचा, बादलीत बुडवून पुढच्याला द्यायचा. "त्याचं तोंड अगदी असंच होतं," बाबा लोकलमध्ये म्हणाले. लिस्टरबद्दल. मी विचारलं, असंच म्हणजे कसं? त्यांना सांगता आलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले, अंधेरी गेलं, जोगेश्वरी गेलं.

निळू फुल्यांचं नाव मीच काढलं, बाबांचे ते आवडते. गावोगावी बायका त्यांना खरोखरीच शिव्या घालायच्या, इतका त्यांचा खलनायक खरा. "आवाज चढवायचेच नाहीत," बाबा म्हणाले. "चढवायची गरज समोरच्याला." मग बराच वेळ गप्प बसून, "समोरचा चांगला पाहिजे," असं काहीतरी पुटपुटले. कांदिवली आलं.

बाबा 2016 मध्ये गेले. दोन वर्षांनी, मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत मी टीव्हीवर ऑस्कर पाहत होते. रंगभूषेचं बक्षीस काझुहिरो त्सुजी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना मिळालं, गॅरी ओल्डमनला चर्चिल बनवल्याबद्दल. त्सुजी चित्रपटांचं काम सोडून शिल्पं करायला लागले होते. तुम्ही असाल तरच मी ही भूमिका करीन, असं म्हणून ओल्डमनने त्यांना परत आणलं होतं. थोड्या वेळाने ओल्डमनलाही मिळालं. एका मेकअपमनसाठी अडून बसणारा नट! मी पोळीचा डबा हातात घेऊन उभी राहिले आणि ती गाडी सोडून दिली.

पण मला लिहायचं होतं ते त्याआधीच्या एका दुपारचं. बाबांच्या शेवटच्या वर्षातली. फिरणं बंद झालं होतं, दिवसभर टीव्ही. ‘तो संकासुराचा’ लाव म्हणाले. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. त्यांनी आवाज बंद करायला सांगितला, आणि आम्ही तो चित्रपट मुका पाहिला, कुकरच्या शिट्ट्या आणि खालच्या पोरांचं क्रिकेट ऐकत. मधेच ते थांबवायला लावायचे, मागे घ्यायला लावायचे. गॉर्डनला बढती मिळते तेव्हा गजांआड बसलेला जोकर टाळ्या वाजवतो, सावकाश, चेहऱ्याची एक रेघ न हलवता. ती जागा चार वेळा पाहिली. मानेकडे बोट दाखवून म्हणाले, "पांढरा कॉलरशी कसा विरत नेलाय बघ." त्यांच्या बोटांना तेव्हा कंप सुटलेला होता.

शेवट आला. डेंट मेलेला, बॅटमॅन सगळा दोष अंगावर घेऊन पळतोय, मागे कुत्री सोडलेली. गॉर्डन आपल्या लहान मुलाशेजारी उभा. "आता आवाज लाव," बाबा म्हणाले. मी लावला. पोरगा बापाला काहीतरी विचारतो. बाबांनी विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, विचारतोय, तो का पळतोय, त्याने तर काही वाईट केलं नाही. ओल्डमनने तोंड उघडलं. त्याचा आवाज इथे थोडा कापतो, पण तो तो सावरत नाही. मी भाषांतर करायला लागले तसा बाबांनी हात वर केला.

"थांब. त्याला बोलू दे."